वास हवेत नसतो, कापडात असतो

सोलापुरात बसून टॉवेलचा व्यापार करणाऱ्या माणसाने समुद्रातील बोटींविषयी लिहावे, हे वाचक बंधूंना जरा नवलाचे वाटेल. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी मी गिऱ्हाइकांकडून आणि बिल-पावत्यांवरून शिकलो. जुळे सोलापूरच्या माझ्या घरापासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही हा विषय आपल्या धंद्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय असा. क्रूझच्या बोटीवर प्रवाशाला राहण्यासाठी जी खोली मिळते तिला केबिन म्हणतात. आधीच्या प्रवाशाने तिथे सिगारेट ओढलेली असेल तर तिचा वास मागे राहतो. नवा प्रवासी भरपूर पैसे मोजून येतो, दार उघडतो आणि नाक मुरडतो. तक्रार होते. नोकर सुवासिक फवारा मारतो. दोन तास बरे वाटते आणि रात्री वास पुन्हा येतो. हा वास दडून बसतो कुठे? हवेत नव्हे. हवा तर केव्हाच बदललेली असते. तो पडद्यात, गादीत, गालिच्यात आणि खुर्चीच्या गवसणीत बसलेला असतो. म्हणजेच कापडात. आणि कापडाची बाब आली की आपण गप्प बसून चालणार नाही.

बोटीचा आणि आपला संबंध

एके काळी आपल्या घराघरांत बोटीच्या गोष्टी होत्या. मुंबईहून जिद्द्याला हजची बोट जात असे. ती १९९५ मध्ये बंद झाली आणि सामान्य माणसाचा बोटीशी संबंध तुटला. आता तो वेगळ्या रीतीने पुन्हा जुळतो आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ची क्रूझ सुरू झाली. २०२५ मध्ये मुंबई बंदरातील नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. रत्नागिरी आणि रायगडकडील आपली मुले तर पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर नोकरी करीत आली आहेत.

माझ्या साडूंचा मुलगा त्यांपैकीच एक. रत्नागिरीचा राहणारा. परदेशी बोटीवर तो खोल्यांच्या साफसफाईचे काम करतो. सुट्टीत आला की सोलापूरला आमच्याकडे चार दिवस राहतो. या लेखातील बोटीची हकिकत बरीचशी त्याच्या तोंडची आहे आणि कापडाची माझ्या अनुभवाची आहे.

तो सांगतो, “खालू, सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढतात. मधल्या तीन-चार तासांत एकेकाला पंधरा-पंधरा खोल्या तयार करायच्या असतात. चादर, टॉवेल, उशीचे अभ्रे बदलतो. पण पडदा कोण उतरवणार? गादी उन्हात कुठे घालणार? आतल्या बाजूच्या खोल्यांना तर खिडकीच नसते.”

त्याच्या या बोलण्यातच सगळे मर्म आहे. टॉवेल रोज धुतला जातो, म्हणून टॉवेलात वास राहत नाही. पडदा महिनोन्‌महिने धुतला जात नाही, म्हणून वास पडद्यात राहतो.

धूर गेला तरी काय उरते?

तंबाखूच्या धुरात निकोटीन असते आणि डांबरासारखे चिकट अंश असतात. हे अंश भिंतीवर, काचेवर आणि विशेषतः सुती कापडावर चिकटतात. कापसाचा धागा ओलावा ओढतो, तसाच धूरही ओढतो. टेरी कापडावर तर हजारो फास असतात. त्यामुळे पाणी टिपण्यासाठी जो पृष्ठभाग आपण वाढवतो, तोच धूरही टिपतो. पुढे हवा दमट झाली की कापड ओलावा घेते आणि धरून ठेवलेला वास सोडू लागते. सोलापूरच्या कोरड्या हवेत जो वास जाणवत नाही, तो समुद्रावर चटकन जाणवतो, याचे एक कारण हे आहे.

शास्त्रज्ञ या मागे राहिलेल्या अंशाला ‘थर्डहँड स्मोक’ म्हणतात. अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवून दिले की, वस्तूंवर बसलेल्या निकोटीनचा घरातील हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये तयार होतात. कॅलिफोर्नियातील हॉटेलांच्या एका पाहणीत, ज्या हॉटेलांत काही खोल्यांमध्ये धूम्रपानाला परवानगी होती, तिथल्या ‘नो स्मोकिंग’ खोल्यांतही निकोटीन सापडले. तेव्हा दारावर पाटी लावली की खोली स्वच्छ झाली, असे नाही. लहान मूल गालिच्यावर रांगते आणि पडद्याचे टोक तोंडात घालते. म्हणून हा प्रश्न नाकापुरता राहत नाही.

बोटींच्या कंपन्यांनाही हे उशिरा उमजले. कार्निव्हल कंपनीने १९९८ मध्ये ‘पॅराडाइज’ नावाची संपूर्ण धूम्रपानमुक्त बोट चालवून पाहिली. २००४ मध्ये तो प्रयोग बंद झाला. नंतर १ डिसेंबर २०११ पासून याच कंपनीने आपल्या केबिनांत आणि ऑक्टोबर २०१४ पासून बाल्कनीतही सिगारेट बंद केली. आता मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर ठरलेल्या जागीच ओढण्याची परवानगी असते. नियम मोडणाऱ्याकडून खोली साफ करण्यासाठी अडीचशे डॉलर आणि त्याहूनही अधिक रक्कम वसूल केली जाते. तरीही लोक चोरून ओढतात. न्हाणीघराचा पंखा लावतात, दाराखाली ओला टॉवेल दाबतात. शेजारच्या बाल्कनीतला धूर उघड्या दारातून आत येतो तो वेगळाच.

माझ्या गोदामातील हकिकत

दुसऱ्याच्या बोटीतील वास हुंगण्याआधी मी माझ्या गोदामातील वासाची हकिकत सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला मी पांढऱ्या आंघोळीच्या टॉवेलच्या अकरा गाठी पाठविल्या. तो हॉटेलांना आणि बोटींना माल पुरवीत असे. पावसाळ्याचे दिवस होते. पंधरा दिवसांनी तीन गाठी परत आल्या. सोबत चिठ्ठी होती: वजन बरोबर, शिलाई बरोबर, पण मालाला धुराचा वास आहे.

मला संताप आला. गोदामात घडी घालून पॅकिंग करणारा एक वयस्क कारागीर होता. त्याला बिडीची सवय होती. मी काही विचारले नाही, शोधले नाही. त्याच्या पगारातून दहा दिवसांचे पैसे कापले. तो एवढेच म्हणाला, “शेठ, मी बाहेर जाऊन ओढतो.” मी ऐकले नाही. महिना संपल्यावर तो काम सोडून गेला.

पुढे साडूंचा मुलगा सुट्टीवर आला. वास ओळखणे हे त्याचे रोजचे काम. तो गोदामात शिरला, दाराजवळचे टॉवेल हुंगून पाहिले आणि म्हणाला, इथे काही नाही. मग आत आला आणि माझ्या गादीमागच्या मांडणीपाशी थांबला. “खालू, वास इथे आहे. इथे कोण बसतं?”

तिथे मी बसत होतो. मी त्या वेळी दिवसाला एक पाकीट ओढत असे. गिऱ्हाईक आले की त्यालाही एक पुढे करीत असे. उन्हाळ्यात समोर टेबल फॅन लावलेला असे आणि त्याचा वारा माझा सगळा धूर मागच्या मांडणीवर नेत असे. परत आलेल्या तिन्ही गाठी त्याच मांडणीवरच्या मालाच्या होत्या. धूर खाल्लेला माल आम्ही पॉलिथिनमध्ये बांधला, वास आत कोंडला आणि मुंबईच्या दमट हवेत तो उघडा पडला. ओढणाऱ्याच्या नाकाला स्वतःचा वास येत नाही. मलाही आला नव्हता.

मी त्या कारागिराचे घर शोधत नई जिंदगी भागात गेलो आणि त्याचे दहा दिवसांचे पैसे परत केले. त्याने ते मोजून घेतले आणि मला चहा पाजला. पण तो पुन्हा माझ्याकडे कामाला आला नाही. तीन गाठींचे नुकसान मी भरून काढले. हे नुकसान मात्र भरून निघाले नाही.

बोटीवरही हेच होते. प्रवाशाने ओढलेल्या सिगारेटचा जाब खोली झाडणाऱ्या मुलाला विचारला जातो. त्याचे गुण कापले जातात आणि बक्षिशी बुडते. दोष कुणाचा आणि शिक्षा कुणाला, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

वास काढण्याची रीत

त्या तीन गाठी मी फेकल्या नाहीत. डाईंगवाल्या एका मित्राच्या सल्ल्याने त्या पुन्हा धुऊन काढल्या. तीच रीत इथे देत आहे. ती घरच्या कपड्यांना, लॉजच्या चादरींना आणि बोटीवरच्या धुण्याजोग्या कापडालाही लागू पडते.

पहिली गोष्ट, कापड आधी मोकळ्या हवेत झटकून टांगावे. दुसरी, रंग पक्का असेल तर साठ अंश गरम पाण्यात साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून धुवावे. धुरातील चिकट अंश सोड्याच्या गरम पाण्यात सुटतो. तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. निकोटीन हे स्वतः अल्कली गुणाचे असते. त्यामुळे ते आम्लाच्या पाण्यात सहज विरघळते. म्हणून शेवटच्या पाण्यात घरी अर्धी वाटी पांढरा सिरका घालावा. डाईंगमध्ये यासाठी असिटिक असतेच. त्यानंतर साध्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे.

दोन सूचना लक्षात ठेवाव्यात. ब्लीचिंग आणि सिरका कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. तसेच वास मारण्यासाठी सॉफ्टनर वाढवू नये. सॉफ्टनरचा थर फासांवर बसतो, टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि वास त्या थराखाली तसाच राहतो.

वास गेला की नाही, हे कोरडे कापड हुंगून कळत नाही. टॉवेलवर थोडे पाणी शिंपडावे, पिशवीत घालून रात्रभर बंद ठेवावा आणि सकाळी न ओढणाऱ्या माणसाला हुंगायला द्यावा. माझ्या घरी हे काम माझी नात करते. तिचे नाक माझ्यापेक्षा इमानदार आहे.

जे धुता येत नाही त्याचे काय? गालिच्यावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतात. खोलीत सक्रिय कोळशाच्या पिशव्या ठेवतात. नारळाच्या करवंटीपासून तयार होणारा हा कोळसा वास धरून ठेवतो. काच, भिंत, लाकूड, एसीची जाळी हे सगळे साबणाच्या पाण्याने पुसावे लागते. बऱ्याच ठिकाणी ओझोन वायूचे यंत्र लावतात. त्याने वास कमी होतो, पण तो वायू छातीला घातक आहे. खोली पूर्ण रिकामी हवी आणि नंतर बराच वेळ हवा खेळती ठेवावी लागते. शिवाय ओझोनने काही रंग उडतात आणि इलॅस्टिकचे रबर चिरते. कापडवाल्याने हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले बरे.

अत्तराने ऐब झाकत नाही

माझा मुख्य आक्षेप सुवासिक फवाऱ्यावर आहे. फवाऱ्याने धुराचा एकही कण बाहेर जात नाही. उलट कापडावर आणखी एक थर चढतो. जुन्या वासाला नवा वास मिळून तिसराच वास तयार होतो, आणि दम्याच्या माणसाला तो धुराइतकाच त्रास देतो. आपण अत्तराचे शौकीन लोक आहोत. पण अत्तर धुतलेल्या अंगाला लावायचे असते.

कापडाच्या व्यापारात ताण्यातला तुटका धागा खळीखाली लपवून विकला तर आपण त्याला फसवणूक म्हणतो. वासाची खोली फवारा मारून भाड्याने देणे हीही तीच फसवणूक आहे. ज्या कंपनीला ऐब माहीत आहे, तिने खोली एक दिवस बंद ठेवावी, पडदे उतरवावेत, गादी बदलावी आणि खर्च ओढणाऱ्याकडून घ्यावा. एक दिवसाचे भाडे बुडेल, पण गिऱ्हाईक टिकेल. तीन गाठी परत आल्यावर मलाही हेच शिकायला मिळाले.

यात जिवाचाही प्रश्न आहे. २३ मार्च २००६ रोजी जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ या बोटीच्या बाल्कनीत आग लागली. टाकून दिलेले सिगारेटचे थोटूक हेच तिचे संभाव्य कारण असल्याचे ब्रिटिश चौकशीत पुढे आले. एक प्रवासी धुराने दगावला आणि ७९ खोल्या निकामी झाल्या. आपल्या गावाने तर १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसे गमावली. त्या आगीचा सिगारेटशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण सुताच्या आणि टॉवेलच्या ढिगाजवळ ठिणगी आणि धूर काय करू शकतात, हे सोलापूरकराला आता कुणी शिकवण्याची गरज उरलेली नाही.

आपण काय करावे?

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नाव गावाचे आहे, म्हणून एका गोदामाचा वास सगळ्या गावाला लागतो. माझ्या सूचना थोडक्यात अशा आहेत.

गोदामात, घडीच्या टेबलाजवळ आणि गादीवर कुणीही ओढू नये. नियम मालकापासून सुरू व्हावा. गिऱ्हाइकापुढे पाकीट ठेवण्याची रीत बंद करावी, चहा पुरे आहे. जनरेटर आणि डिझेलच्या गाड्यांचा धूरही मालापासून दूर ठेवावा. पॉलिथिनमध्ये बांधलेला पांढरा माल त्या धुराने पिवळा पडू शकतो.

विड्यांचा प्रश्न नाजूक आहे. आपले शहर टॉवेलवर जगते तसे विड्यांवरही जगते. हजारो भगिनी विड्या वळून घर चालवितात. एखाद्या घरात एका कोपऱ्यात तंबाखूचे सूप असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात टॉवेलची शिलाई चाललेली असते. अशा घरातून आलेल्या मालाला तंबाखूचा वास लागला तर त्या बाईची मजुरी कापणे हा उपाय नव्हे. व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने झाकण्यासाठी स्वच्छ कापड आणि पिशव्या द्याव्यात. माल रात्रभर तिथे न ठेवता संध्याकाळी उचलावा. हे मी एका कारागिराला गमावून शिकलो आहे.

शेवटी धंद्याची गोष्ट. वास न धुतल्या जाणाऱ्या कापडात राहतो, तर मग धुता येईल असे कापड विकणे हे आपले काम आहे. गादीवर चढणारी आणि निघणारी टेरीची खोळ, पलंगाच्या डोक्याकडील भागाला गवसणी, ब्लँकेटवर घालायला सुती चादर, आणि प्रत्येक वस्तूचे दोन जोड, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरा वापरात राहील. बोटीवर हे लगेच चालणार नाही. तिथले पडदे, गाद्या आणि गवसण्या यांना आगीच्या कसोटीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आणि प्रमाणपत्राशिवाय कुणीही त्या भानगडीत पडू नये. टॉवेलवर मात्र हे बंधन आड येत नाही. शिवाय तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट आणि खुद्द सोलापूर इथे कितीतरी लॉज आहेत. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. तीस खोल्यांच्या हॉटेलांना ओढणाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या ठेवता येतात, लहान लॉजला ती सवलत नाही. तरी तिथल्या गाद्यांना कोणता वास येतो, हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सुरुवात तिथून करता येईल.

मी आता सिगारेट सोडली आहे. माझ्या गादीमागची ती मांडणी अजून तिथेच आहे. माल ठेवण्यापूर्वी आम्ही आजही तिथे एक ओला टॉवेल रात्रभर टांगतो आणि सकाळी हुंगून पाहतो. व्यापारी बंधूंनी आपापल्या गोदामात एकदा तरी हे करून पाहावे. फक्त हुंगायला ओढणारा माणूस बसवू नये.